हेलिकॉप्टर येण्याआधीची पन्नास मिनिटे

उंचावरून पडलेल्या पस्तिशीतील त्या रुग्णाला आमच्या छोट्या रुग्णालयात आणले, तेव्हा त्याचा जीसीएस, म्हणजे शुद्धीचा गुणांक, 15 पैकी 7 होता, डावीकडच्या चार बरगड्या मोडल्या होत्या आणि सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलेले दिसत होते. आमच्याकडे न्यूरोसर्जन नाही. रस्त्याने मोठे रुग्णालय चार तासांवर, हवेतून चाळीस मिनिटांवर. त्यामुळे निर्णयाला वेळ लागला नाही, लागला तो तयारीला.

इतकी शुद्ध हरपलेल्या रुग्णाला श्वासनलिकेत नळी घातल्याशिवाय पाठवता येत नाही. ती घालून व्हेंटिलेटर जोडला. खरा पेच छातीच्या स्कॅनमध्ये होता: डाव्या फुफ्फुसाभोवती हवेची पातळशी कड. वॉर्डात, स्वतःच्या श्वासावर असलेल्या रुग्णात, एवढ्या हवेवर आम्ही बहुधा नुसते लक्ष ठेवले असते. उंची वाढली की बाहेरचा दाब उतरतो आणि कोंडलेली हवा फुगते, हे खरे, पण दोन-तीन हजार फुटांवर ही वाढ सुमारे दहा टक्क्यांचीच असते, त्यामुळे "एवढ्याने काय होणार?" हा माझ्या सहकाऱ्याचा आक्षेप आकड्यांपुरता बरोबर होता. मात्र व्हेंटिलेटर प्रत्येक श्वासाला दाबाने हवा आत ढकलतो, आणि ती फाटलेल्या फुफ्फुसातून छातीच्या पोकळीत साठत गेली, तर जिथे स्टेथोस्कोपने काही ऐकू येत नाही आणि कोपर हलवायलाही जागा नसते, अशा केबिनमध्ये छातीत नळी घालण्याची वेळ येते. फ्लाइट डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला, "आयसीडी टाकली का?" आयसीडी म्हणजे छातीत साठलेली हवा बाहेर काढणारी नळी.

मी ती टाकली. वीस मिनिटे गेली, आणि मेंदूत रक्त साचलेल्या रुग्णाची वीस मिनिटे खर्च करताना हात स्थिर ठेवणे सोपे नव्हते. या नळीला एरवी जोडतात ती पाण्याची बाटली प्रवासात कलंडते, म्हणून तिच्याऐवजी एकदिशा झडप व पिशवी जोडली. सिस्टरांनी रुग्णाचे वजन पायलटला कळवले, पोटातील हवा निघावी म्हणून नाकातून नळी घातली आणि श्वासनलिकेतील नळीच्या फुग्याचा दाब मोजला; तो पाण्याच्या 30 सेंटिमीटर दाबाच्या आत होता. मिनिटाला दहा लिटर या हिशेबाने चढवण्या-उतरवण्यासह तासाला सहाशे लिटर ऑक्सिजन लागणार होता. आम्ही बाराशेची सोय केली.

हेलिकॉप्टरचे पाते फिरतच होते. पायलटने खूण केल्यावर, त्याला दिसू अशा बाजूने, वाकून आम्ही स्ट्रेचर नेले. शेपटीकडे कोणी फिरकायचे नाही, हे मी सर्वांना दोनदा बजावले होते. पांघरूण उडू नये म्हणून छातीवरचा पट्टा मी स्वतः आवळला. नातेवाइकाला आत जागा नव्हती. रुग्णाचा भाऊ पत्त्याची चिठ्ठी घेऊन गाडीने निघाला.

संध्याकाळी फ्लाइट डॉक्टरांचा फोन आला. रुग्ण शस्त्रक्रियागृहात पोहोचला होता. वाटेत व्हेंटिलेटरचा दाब वाढून अलार्मचा दिवा लागला होता, कारण मी आवळलेल्या पट्ट्याखाली आयसीडीची नळी दबली होती. त्यांनी ती मोकळी करताच दाब उतरला. पट्टा बांधल्यावर प्रत्येक नळीवरून टोकापर्यंत बोट फिरवायचे, हे त्या रात्री मी आमच्या तपासणीच्या कागदावर हाताने लिहून ठेवले.