ग्रीक निघंटूच्या समासांत काय वाचावं

व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन राष्ट्रीय ग्रंथालयात चर्मपत्रावरची एक जाडजूड पोथी आहे: डायॉस्कोरिडीस या पहिल्या शतकातल्या वैद्याचा सचित्र निघंटू, म्हणजे औषधी द्रव्यांची माहिती देणारा ग्रंथ. इ. स. ५१२ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये ती अनिकिया जुलियाना या राजघराण्यातल्या स्त्रीसाठी तयार झाली. पोथीतल्या एका चित्रात त्या शहरातल्या ‘होनोराताई’ नावाच्या वस्तीचे लोक चर्च बांधून दिल्याबद्दल तिचे आभार मानतात. त्या चर्चचं साल माहीत असल्यामुळेच पोथीचा काळ ठरवता आला.

डायॉस्कोरिडीसने द्रव्यं गुणांनुसार लावली होती. या प्रतीत वनस्पती ग्रीक वर्णक्रमाने येतात. नाव ठाऊक असेल तर पान चटकन सापडतं, पण सारख्या गुणाची औषधं विखुरली जातात. वैद्यासाठी हे नुकसान लहान नाही. वनस्पतींची चित्रं ३८० च्या वर आहेत, बहुतेक पानभर.

चित्रांइतकेच समासही, म्हणजे पानाच्या कडेच्या मोकळ्या जागाही, बारकाईने पाहावेत. मूळ मजकूर मोठ्या, सुट्या अक्षरांत आहे. नऊशे वर्षांनी ती अक्षरं वाचणं जड जाऊ लागलं. १४०६ मध्ये नाथानाएल या रुग्णसेवक भिक्षूच्या सांगण्यावरून जॉन खोर्तास्मेनोस याने पोथी नव्याने बांधली आणि मजकूर तेव्हाच्या लपेटी अक्षरात पुन्हा उतरवला. पुढे वनस्पतींची अरबी, तुर्की आणि हिब्रू नावंही भरली गेली. म्हणून समासातल्या सगळ्या टिपा एकाच काळच्या धरल्या की घोटाळा होतो. आधी लिपी पाहावी, मग अक्षराचं वळण.

ऑटोमन तुर्कांच्या सुलेमान सुलतानाचा यहुदी वैद्य मोशे हामोन याच्याकडून पोथी त्याच्या मुलाकडे गेली. युरोपातल्या हाब्सबुर्ग राजघराण्याचा राजदूत बुस्बेक याने ती तिथेच पाहिली आणि १५६२ च्या पत्रात लिहिलं, की किंमत शंभर डुकाट (सोन्याची नाणी) सांगतात, ती सम्राटालाच परवडेल. कीड तर इतकी, की रस्त्यात पडली तरी कुणी उचलणार नाही. १५६९ मध्ये ती सम्राट दुसऱ्या माक्सिमिलियनच्या संग्रहात आली.

दमट-कोरड्या हवेत चर्मपत्र फुगतं, आक्रसतं. वरचा रंगाचा थर मात्र तसा ताणत नाही, म्हणून पोपडे सुटतात. प्रत्येक वेळी पान उलटताना ही जखम वाढते. त्यामुळे अभ्यासाला छायाप्रतच वापरावी. तिच्यात समास कापलेले नाहीत ना, तेवढं आधी तपासावं.