झुकते माप

मे महिन्यातल्या एका दुपारी नागपुरातल्या आमच्या सोमलवाड्याच्या गल्लीत कांद्याची हातगाडी आली आणि उन्हाला न जुमानता मी पिशवी घेऊन खाली उतरलो. गाडीवाल्याने इलेक्ट्रॉनिक काट्यावर कांदे टाकले. लाल आकडे २.०४० वर स्थिरावले, तेव्हा त्याने त्यातला एक लहानसा कांदा उचलून ढिगात परत टाकला आणि आकडे नेमके २.००० झालेले पाहून समाधानाने म्हणाला, "पाहा काकाजी, बराबर दोन किलो हाये." त्याचे काहीही चुकले नव्हते. तरीही तो परत गेलेला कांदा माझ्या मनाला लागला. त्याच वेळी सोनेगावच्या धावपट्टीवरून उठलेले एक विमान डोक्यावरून गेले. सुटीसाठी आलेली, अभियांत्रिकी शिकणारी माझी भाची माझा चेहरा पाहून हसली.

"मामा, विमानाचं तरी वेगळं काय असतं? एका पातळीत उडताना जेवढं वजन तेवढीच उचल. एक कांदासुद्धा जास्त नाही."

हे वाक्य मला कांद्यापेक्षाही अधिक लागले.

इतवारीत आमच्या आजोबांचे किराण्याचे लहानसे दुकान होते. आढ्याला टांगलेला तराजू, पितळेची दोन पारडी, आणि डाव्या पारड्याच्या साखळीला चिंधीत बांधलेला एक खडा, म्हणजे पासंग. रोज सकाळी रिकामा तराजू उचलून काटा खाचेत नीट उभा राहतो की नाही हे पाहण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. काटा सरळ झाला की मुले श्वास सोडत; आजोबा मात्र गिऱ्हाइकाची डाळ तोलताना काटा सरळ झाल्यावरही चिमूटभर डाळ वर टाकत, आणि पारडे गिऱ्हाइकाच्या बाजूला किंचित झुकल्याशिवाय ती कागदाच्या पुड्यात ओतत नसत. बरोबर माप म्हणजे कमी माप, असे त्यांचे गणित होते. धंद्यात त्यांना फारसे यश आले नाही, याचा या गणिताशी संबंध असावा, असे माझी आजी म्हणत असे.

त्या दुकानातून मी एक समजूत सोबत घेऊन आलो आणि ती साठी उलटली तरी टिकली. दोन्ही पारडी बरोबर झाली म्हणजे सगळे थांबले. जे वर आहे, त्याला वर ठेवायचे तर उचलीच्या पारड्यात चिमूटभर जास्त हवेच. भाचीने मला आमच्या इमारतीच्या लिफ्टचे उदाहरण दिले. लिफ्ट सुटताना दोराला वजनाहून थोडे जास्त ओढावे लागते. पण एकदा ती एकसारख्या गतीने वर जाऊ लागली की दोराची ओढ आणि तिचे वजन अगदी समान असतात, तरीही ती वर जातच राहते. बरोबरी झाली म्हणजे असलेली गती बदलत नाही, इतकेच. गती नसावी असे बरोबरी कुठे म्हणते? मी म्हटले, पण आत्ता गेलेले विमान तर चढत होते, त्याची उचल तरी वजनाहून जास्त असेल. ती म्हणाली, एकसारख्या गतीने चढणाऱ्या विमानाच्या पंखांची उचल वजनाहून उलट थोडी कमीच असते, कारण नाक वर असल्याने वजनाचा काही भार इंजिने ओढून नेतात. चढ आठ अंशांचा धरला, तर पंखांना वजनाच्या शेकडा एक भागाची सूट मिळते आणि इंजिनांवर मात्र वजनाच्या सातव्या हिश्शाइतका जादा भार पडतो. आजोबांना हे ऐकवले असते, तर त्यांनी मला पुन्हा काटा पाहायला पाठवले असते.

आयुष्यभर जमाखर्चाची नोकरी केल्यामुळे मला आकड्यांशिवाय चैन पडत नाही. एअरबस ए ३२० जातीचे विमान प्रवासी, सामान आणि इंधन धरून ७० टनांचे मानले आणि त्याचे पंख सुमारे १२२ चौरस मीटरचे, तर पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५७० किलो भार येतो. ऐकताना हे अशक्य वाटते. पण जमिनीलगत हवा प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ दहा टनांनी दाबत असते, आणि त्यापुढे वरच्या व खालच्या बाजूतला ५७० किलोंचा फरक म्हणजे चिल्लर आहे. हा फरक पडतो कसा, याबाबत आमच्या शाळेत सांगितले होते की, पंखाच्या फुगीर पाठीवरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता पडतो, म्हणून खालच्या हवेला मागच्या कडेशी वेळेवर गाठायला ती पळत सुटते. हे साफ खोटे आहे. दोघींची अशी काही भेट ठरलेली नसते आणि वरची हवा आधीच पुढे निघून जाते. नाक जरासे वर धरलेला पंख समोरून येणारी हवा खाली वळवतो आणि तेवढ्याच जोराने स्वतः वर रेटला जातो. खाली ढकललेली हवा मोजा किंवा दाबातला फरक मोजा, या एकाच व्यवहाराच्या दोन वह्या आहेत.

आमच्या कचेरीत पगारातून आगाऊ घेतलेल्या रकमेला उचल म्हणत, आणि ती पुढे हप्त्यांनी कापली जाई. विमानाच्या उचलीचेही तसेच आहे. ती घेतली की हवेचा विरोध पदरात पडतो, आणि ७० टन तोलून धरण्यासाठी इंजिनांना अंदाजे चार टनांचा रेटा सतत देत राहावे लागते. शिवाय पारडे एकदाच जुळवून भागत नाही. इंधन तासाला सुमारे अडीच टन जळते, विमान हलके होत जाते आणि उचल तेवढीच राहिली, तर ते आपोआप वर सरकू लागेल. म्हणून नाकाचा कोन कणाकणाने कमी करत न्यावा लागतो.

मला मनापासून आवडली ती शेपूट. बहुतेक विमानांची शेपटीची आडवी पाती वर उचलत नाहीत, खाली दाबतात, कारण विमानाचा भार पंखांच्या उचलीच्या किंचित पुढे पडतो आणि नाक खाली जाऊ पाहते. म्हणजे शेपटीला चिंधीतला खडा बांधलेलाच आहे. त्या पासंगाचा भारही शेवटी पंखांनाच सोसावा लागतो, म्हणून पंखांची उचल विमानाच्या वजनाहून थोडी जास्त असते. हे कळले तेव्हा मी भाचीकडे विजयी मुद्रेने पाहिले. ती म्हणाली, शेपूट मिळवून बेरीज कर, पुन्हा तेवढीच येते.

आमच्या नागपुराने तर या तराजूत उन्हाचेही माप घातले आहे. पहाटे २८ अंश असलेली हवा दुपारी ४५ अंशांवर गेली की सुमारे ५ टक्के विरळ होते, आणि ताशी २६० किलोमीटर वेगाने उठणाऱ्या विमानाला तेच वजन उचलायला आणखी सात किलोमीटर वेग गाठावा लागतो. १९४९ साली रात्रीची टपाल विमाने सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावला जमत आणि थैल्यांची अदलाबदल करून परतत. उन्हाळ्यात अंगणात बाजेवर झोपलेल्या आजोबांना त्यांची घरघर ऐकू येई. आलेल्या थैल्या वेगळ्या, निघालेल्या वेगळ्या. प्रत्येक विमानाचे वजन नव्याने मांडले जात असणार. त्यात कोणी चिमूटभर वर टाकत नव्हते, हे त्यांना कोणी सांगितले नाही, तेच बरे झाले.

आजोबांचा तराजू आता आमच्या बैठकीत शोभेसाठी टांगला आहे. कांदे टोपलीत ओतून मी सहज त्याच्याकडे पाहिले, तर कूलरच्या झोताने डावे पारडे वर उचलले गेले होते आणि काटा खाचेबाहेर थरथरत होता. कूलर बंद करून पाहावे, असे क्षणभर वाटले. पण बाहेर ४५ अंश होते.