वजनाची वही आता बाबांकडे

मंगळवार, रात्र

बाबांचं हृदय कमजोर झालंय (हार्ट फेल्युअर), म्हणून त्यांचं रोजचं वजन मी एका वहीत लिहीत होतो. आजपासून ती वही बाबांच्या ताब्यात. वहीला पेन दोऱ्यानं बांधून दिलंय, म्हणजे "पेन सापडलं नाही" ही सबब नको.

नियम तेच आहेत. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. एका दिवसात किलो-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोंहून जास्त वाढलं, तर वाट न बघता डॉक्टरांना फोन. एका रात्रीत वाढलेलं वजन चरबीचं नसतं, पाण्याचं असतं. हृदय नीट रक्त ढकलेनासं झालं की मूत्रपिंडांना रक्त कमी मिळतं. त्यांची समजूत अशी होते की शरीरातच पाणी कमी पडलंय, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते पाणी दिवसा घोट्यांत साठतं आणि रात्री आडवं झालं की धाप लावतं. सूज डोळ्यांना दिसायच्या आत काट्याला कळते, म्हणून एवढा काट्याचा उपद्व्याप.

हे सगळं समजायला एक दुपार पुरली होती. रोज सकाळी काट्याशेजारी उभं राहणं मात्र वेगळंच प्रकरण निघालं. "आले हवालदार," बाबा म्हणायचे. सुरुवातीला हसून, नंतर नुसतंच. आकडा वर गेला की माझी चौकशी सुरू: बंद पाकिटातलं काही खाल्लंत का, पाणी किती झालं, गोळी घेतलीत ना? प्रश्न रास्तच होते. पण ज्यानं आपल्याला बोट धरून रस्ता ओलांडायला शिकवलं, त्याची रोज उलटतपासणी घेतली की तो एक दिवस जबाब बदलायला लागतो.

ते कळलं उशीवरून. आई सहज बोलून गेली, "हल्ली ते जवळजवळ बसूनच झोपतात." दोनाच्या तीन उशा कधी झाल्या याचा मला पत्ता नव्हता. सपाट झोपल्यावर दम लागणं, मध्यरात्री श्वास अडकून उठून बसणं, ही वजनाइतकीच महत्त्वाची खूण. त्यांनी ती आईला सांगितली होती, मला नाही. डॉक्टरांनी लघवीच्या गोळीचा डोस बदलला, उशा पुन्हा दोनावर आल्या. आणि मी ठरवलं की वही त्यांच्याच हातात हवी.

वहीत आता उशांचा वेगळा रकाना आहे. त्यांनीच आखला. आजची पहिली नोंद: "वजन कालचंच. उशा २. सूज नाही. मुलगा दारातून डोकावला, १ वेळा."

"कसं वाटतंय?" हा प्रश्न मी सोडून दिलाय. त्याचं उत्तर कायम "बरंय". त्याऐवजी "जिन्यात कुठे थांबलात?" असं विचारलं की खरं उत्तर येतं, कारण त्यात तक्रार करावी लागत नाही, जागा सांगावी लागते.

लघवीच्या गोळीचाही तह झाला. कुठे बाहेर जायचं असलं की ते ती गुपचूप टाळायचे. वाटेत स्वच्छतागृह शोधत फिरायची लाज, दुसरं काय. डॉक्टरांना विचारलं, तर त्या दिवशी घरी परतल्यावर घेतली तरी चालेल म्हणाले, फक्त रात्री उशिरा नको, नाहीतर झोपेचं खोबरं. इतकी साधी गोष्ट आम्ही दोघंही विचारत नव्हतो.

नातेवाइकांचा एक वेगळा रकाना आखायला हवा. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात बाहेर पडणारा वाटा, ३० टक्के वाचून एकांनी "म्हणजे सत्तर टक्के हृदय गेलं" असं आईला ऐकवलं. निरोगी हृदयसुद्धा भरलेलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, ५५ ते ७० टक्क्यांच्या आसपासच टाकतं. दुसऱ्या एकांनी प्रेमानं कमी सोडियमचं मीठ आणून दिलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि बाबांना चालू असलेलं स्पायरोनोलॅक्टोन हे औषधही पोटॅशियम वाढवतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ते पाकीट मी न उघडता परत केलं. गुडघेदुखीसाठी सुचवलेली आयबुप्रोफेनही तशीच परत, ती शरीरात मीठ-पाणी अडवते. लोक वाईट नसतात. फक्त हात हलवत यायला त्यांना अवघड वाटतं.

वही गेली तरी माझा कान अजून त्यांच्या खोलीकडेच असतो. रात्री खोकला ऐकला की झोप उडते. ताई म्हणते, शनिवार-रविवार ती येऊन राहील, मी दुसरीकडे झोपायला जावं. जाईन बहुतेक.

शुक्रवारी क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारं) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी, मग डॉक्टरांची भेट. बीटा ब्लॉकरचा, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गोळीचा, डोस आणखी वाढवायचा का, ते त्याच दिवशी ठरेल. मागच्या वाढीनंतर बाबा काही दिवस फार थकलेले होते, हे त्यांनी स्वतःच सांगायला हवं. सांगतील. मात्र त्यांची अट अशी की या वेळी ते एकटेच आत जाणार आणि मी बाहेर बसायचं. मला हे मान्य नाही, निदान डोस लिहून घ्यायला तरी मी आत हवा. आई म्हणते, पहिली दहा मिनिटं त्यांची, नंतर तुला बोलावतील. बाबा पाचावर अडलेत.