दोन वाजताची पंगत

नोव्हेंबरात आमच्या मंडळीत उपकारस्तुतीचा सण असतो. नवं भात, भोपळे, रताळी, उसाची मोळी असं सगळं वेदीसमोर मांडतात. आराधना झाली की चर्चच्या आवारात प्रीतिभोजन. तीन वर्षांपूर्वी महिला संघाने त्याच्या स्वयंपाकाची जबाबदारी माझ्यावर टाकली. घरी दहा-बारा माणसांचं रांधलेली मी, आणि इथे माणसं 120.

हिशेब सासूबाईंनी शिकवला. भाकरी असेल तर माणशी शंभर ग्रॅम तांदूळ पुरतो, म्हणजे 12 किलो. भाकऱ्या 25 घरांतून, प्रत्येकी 10. रश्श्याच्या वाटणासाठी कांदा निखाऱ्यात भाजायचा, खोबरं मंद आचेवर, तीळ शेवटी; तीळ करपला की अख्खा हंडा कडू. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटाला. शाकाहारी शेजाऱ्यांसाठी भरल्या वांग्यांचं पातेलं वेगळ्या चुलीवर, पळीसुद्धा वेगळी. "बोलावलंय ना त्यांना? मग निर्धास्त जेवता आलं पाहिजे," असं त्या म्हणाल्या. आणि दुरडीत भाकऱ्या रचताना त्या प्रत्येक घराचं नाव घेत. मोठ्याने नाही, ओठांतल्या ओठांत. ती त्यांची प्रार्थना होती.

पहिल्या वर्षी रस्सा उत्तम झाला. साडेबाराला पंगत बसली, दीडला हंडा रिकामा. दोन वाजता खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या एका गावातली तीन कुटुंबं आली. गुरांचं आवरून निघाली होती, त्यात गाडी चुकलेली. त्यांना भात, लोणचं आणि तळातला पाणीदार रस्सा वाढला. त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "राहू दे गं बाई, एवढं पुरे." त्यांचा नातू ताट हातात धरून हंड्यात वाकून बघत होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

चर्चच्या पाळकसाहेबांकडे जाऊन रडले. त्यांनी बायबलमधला, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय काढून दिला. त्या काळी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, जेवणाच्या पंगतीतच होत असे. करिंथमध्ये काही जण आधीच जेवून घेत आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत. पौल त्यांना खडसावतो आणि शेवटी साधंच सांगतो: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. हा भाग मी प्रभुभोजनाच्या वेळी कितीदा ऐकला होता, पण तो स्वयंपाकघराबद्दल आहे हे कधी जाणवलं नव्हतं.

पुढच्या वर्षी ठरवलं, लांबच्या गावची शेवटची गाडी आल्याशिवाय पान वाढायचं नाही. विरोध झाला, आणि तो रास्त होता. साखरेचा त्रास असलेली माणसं दोन वाजेपर्यंत कशी थांबणार? म्हणून बाराला त्यांना ताक आणि अर्धी भाकरी देतो. लांबून आलेल्यांना पहिल्या पंगतीत बसवतो, शहराच्या कॅम्प भागात राहणारे आम्ही वाढतो. वाट बघण्याच्या त्या तासात मराठी भजनं होतात, मग कन्नड. कन्नड बोलणारे आमचे एक काका दाराशी उभे राहून प्रत्येकाला विचारतात, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का? नाही म्हटलं की हाताला धरून आत आणतात.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायातले अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे आता मला वेगळे दिसतात. वाटेत भेटलेला अनोळखी माणूस म्हणजे पुन्हा उठलेला प्रभू येशू, हे त्यांनी तो भाकर मोडताना ओळखलं, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण त्याआधी त्यांनी त्या अनोळखी वाटसरूला आग्रह केला होता: राहा, दिवस कलला आहे. तो आग्रह केला नसता तर तो पुढे निघून गेला असता.

माझी आणखी एक चूक होती, ती कळायला दोन वर्षं लागली. भाकऱ्या कोणाकडून घ्यायच्या त्या यादीत खानापूरकडचं एकही घर नव्हतं. लांबून येतात, त्यांना कशाला त्रास, असं मला वाटायचं. यंदा निरोप पाठवला.

गाडी दोनला दहा कमी असताना आली. मावशी थेट चुलीपाशी आल्या, धुतलेल्या लुगड्याच्या फडक्याची गाठ सोडली. तांदळाच्या भाकऱ्या, पातळ, अजून मऊ. "आमच्या घरच्या दहा," त्या म्हणाल्या. मी मोजल्या, त्यांच्या घराचं नाव घेतलं आणि दुरडीत ठेवल्या.