आमची वाटचाल : दोन यंत्रांमधली निवड आणि सांगलीचे ऊन

सांगलीच्या गावभागात २००८ साली आम्ही त्वचारोगाचा दवाखाना सुरू केला, तेव्हा आमच्याकडे दोन खोल्या, तपासणीचा एक पलंग, एक वूड्स लॅम्प (अतिनील प्रकाशात त्वचा तपासण्याचा दिवा) आणि कॉटरीचे, म्हणजे उष्णतेने चामखीळ वगैरे जाळण्याचे, लहानसे उपकरण एवढेच होते. रुग्ण मी पाहत असे. माझे पती आधी एका पतसंस्थेत लेखापाल होते, त्यांनी ती नोकरी सोडून हिशेब, औषधांचा साठा आणि रुग्णांच्या नोंदवह्या आपल्याकडे घेतल्या. पहिली काही वर्षे नायटा, खरूज, इसब, कोड आणि वांग याच तक्रारी घेऊन लोक येत. तासगावकडच्या द्राक्षबागांत आणि बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या बायकांच्या दोन्ही गालांवर पसरलेला वांग मी रोज पाहत होते, आणि पुढे आम्ही जे जे निर्णय घेतले त्यांच्या मुळाशी तेच चेहरे होते, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

२०१३ च्या सुमारास मागणी बदलू लागली. लग्नसराईच्या आधी मुली आणि त्यांच्या आया ‘फोटोफेशियल’, म्हणजे प्रकाशाच्या झोताने चेहरा उजळवण्याचा उपचार, विचारत येऊ लागल्या. चेहऱ्यावरचे डाग जावेत, रंध्रे लहान दिसावीत, त्वचा पुन्हा तजेलदार व्हावी यासाठी पुण्या-मुंबईला जाण्याचा खर्च आणि रजा त्यांना परवडत नव्हती. यंत्र घ्यायचे हे आम्ही ठरवले. पण प्रकाशावर चालणारे घ्यायचे की लेसर, हे ठरवायला सहा महिने गेले, आणि तो निर्णय आम्ही शेवटी चुकीच्या कारणासाठी घेतला.

दोन्ही यंत्रांमागचे तत्त्व एकच आहे. १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ते मांडले : त्वचेतील ज्या घटकाला तापवायचे आहे, तो घटक जो प्रकाश जास्त शोषतो तोच निवडावा, आणि त्या घटकाची उष्णता शेजारी पसरण्याआधीच प्रकाशाचा झोत संपवावा. डागांत हा घटक म्हणजे मेलॅनिन, लालसर शिरांमध्ये रक्तातील हिमोग्लोबिन, आणि सुरकुत्या किंवा मुरमांचे खड्डे यांसाठीच्या बऱ्याच उपचारांत त्वचेतील पाणी. फरक प्रकाशाच्या जातीत आहे. लेसरमधून एकाच तरंगलांबीचा, एका दिशेने जाणारा प्रकाश येतो. आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रात मात्र झेनॉन वायूचा दिवा असतो. त्यातून साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा मिश्र प्रकाश बाहेर पडतो आणि पुढे फिल्टर लावून त्यातील नको असलेला खालचा भाग अडवला जातो. म्हणजे आयपीएल हा लेसर नव्हेच, जरी जाहिरातीत दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

मिश्र प्रकाशामुळे एकाच यंत्राने डाग, लालसरपणा आणि नको असलेले केस अशी अनेक कामे होतात. फिल्टर बदलला की झाले. किंमतही आम्हाला सांगितलेल्या लेसरच्या जवळजवळ निम्मी होती. कर्जाचा हप्ता आणि दरमहा अपेक्षित सिटिंगची संख्या यांचे गणित पतींनी मांडले, ते आयपीएलच्या बाजूने स्पष्ट होते, आणि आम्ही तेच यंत्र घेतले. या गणितात आमच्या रुग्णांच्या त्वचेचा रंग कुठेही नव्हता. तो लेखापालाने नव्हे, डॉक्टरने मांडायचा आकडा होता, त्यामुळे ती चूक माझी होती.

सुरुवातीचे निकाल चांगले आले. गोऱ्या वर्णाच्या, उन्हात फारसे न जाणाऱ्या रुग्णांच्या गालांवरचे तपकिरी डाग उपचारानंतर आधी गडद होत, त्यावर चहापत्तीसारखे बारीक कण दिसत आणि आठवड्याभरात ते झडून खालची त्वचा स्वच्छ निघे. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने तीन ते पाच सिटिंग, दुसऱ्या दिवशी कामावर जाता येणे आणि जखम नाही, या गोष्टी लोकांना आवडल्या. आम्ही सहा सिटिंगचे पैसे आगाऊ घेणारी योजना सुरू केली आणि वर्षभरात कर्जाचे हप्ते वेळेवर जाऊ लागले.

दुसऱ्या वर्षीच्या आषाढात कवठेमहांकाळकडच्या एका शिक्षिका तिसऱ्या सिटिंगसाठी आल्या. वर्ण गव्हाळ, कपाळावर आणि गालांवर डाग. आधीच्या दोन सिटिंगना काही त्रास झाला नव्हता. मी कोणती औषधे चालू आहेत ते विचारले, गरोदरपण नाही याची खात्री केली आणि मागच्याच नोंदीप्रमाणे फिल्टर आणि ऊर्जा ठेवून उपचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही गालांवर हँडपीसच्या, म्हणजे यंत्राच्या हातात धरायच्या भागाच्या, काचेच्या मापाचे लालसर चौकोन ओळीने उमटले होते. पुढच्या दोन आठवड्यांत ते काळे पडले. मग मी जे आधी विचारायला हवे होते ते विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मॅडम, मी उन्हात कुठे गेलेच नव्हते. वारीत होते, पण सगळे दिवस ढगच होते.”

ढगांतूनही अतिनील किरण मोठ्या प्रमाणात खाली येतात. बरेच दिवस उघड्यावर चालल्यामुळे त्यांच्या त्वचेच्या वरच्या थरात नवे मेलॅनिन तयार झाले होते, ते नजरेला जेमतेम जाणवत होते, आणि डागाकडे जायला हवा होता तो प्रकाश त्या वरच्या थरानेच शोषून घेतला. त्यात मी ५६० नॅनोमीटरचा, म्हणजे फक्त त्याखालचा प्रकाश अडवणारा, फिल्टर वापरला होता. त्या वर्णाला ६४० किंवा त्याहून वरचा फिल्टर, कमी ऊर्जा आणि दोन झोतांमध्ये जास्त वेळ, असे काम करायला हवे होते. त्यांचे चट्टे पूर्ण जायला आठ महिने लागले. आम्ही सर्व पैसे परत केले आणि पुढचे सर्व उपचार विनामूल्य केले. पण आठ महिने वर्गात मुलांसमोर त्या चेहऱ्याने उभे राहण्याची भरपाई कशानेही होत नाही, हे मी त्यांच्या प्रत्येक भेटीत अनुभवले.

त्या घटनेनंतर दवाखान्याची पद्धत मुळापासून बदलली. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचेचे उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून वर्गीकरण सुचवले आणि आज ते सहा प्रकारांत वापरले जाते. आमच्या बहुतेक रुग्णांची त्वचा त्यातील चौथ्या आणि पाचव्या, म्हणजे गव्हाळ ते सावळ्या, प्रकारात मोडते. हा प्रकार प्रत्येक नोंदीवर पहिल्या ओळीत लिहायचा, मागील चार आठवड्यांत शेतात, वारीला, जत्रेला किंवा क्रिकेटच्या मैदानावर किती दिवस गेले ते नाव घेऊन विचारायचे, आणि कानाच्या पुढच्या भागावर पॅच टेस्ट, म्हणजे छोट्या जागेवर चाचणी, करून किमान दोन आठवडे थांबल्याशिवाय चेहऱ्याला हात लावायचा नाही, असे आम्ही ठरवले. आगाऊ पैशांची योजनाही बंद केली, कारण सहा सिटिंगचे पैसे घेतले की डॉक्टरचा हात थांबायला तयार होत नाही. पुढची दोन वर्षे उत्पन्न स्पष्टपणे घटले आणि कर्जाची मुदत वाढवून घ्यावी लागली.

याच काळात आम्ही कोल्हापूरहून महिन्यातून दोन दिवस क्यू-स्विच्ड एनडी-याग लेसर (अत्यंत आखूड झोत देणारा एक लेसर) भाड्याने आणू लागलो. त्याची १०६४ नॅनोमीटरची तरंगलांबी मेलॅनिन कमी शोषते, त्यामुळे सावळ्या त्वचेच्या वरच्या थराला कमी इजा होते आणि प्रकाश खोलवर पोहोचतो. झोतही वेगळा : आयपीएलचा झोत मिलीसेकंदांत मोजतात, याचा नॅनोसेकंदांत. मेलॅनिनचे सूक्ष्म कण अत्यंत कमी वेळात थंड होतात, म्हणून इतका आखूड झोत त्यांना फोडतो आणि शेजारी उष्णता फारशी जाऊ देत नाही. या यंत्राने एक अनपेक्षित काम आमच्याकडे आले, ते म्हणजे गोंदण. लहानपणी हातावर गोंदलेले नाव नोकरीच्या किंवा लग्नाच्या वेळी नकोसे झालेले तरुण सांगली-मिरजेत बरेच आहेत, आणि काळ्या शाईच्या गोंदणावर १०६४ नॅनोमीटरचा क्यू-स्विच्ड झोत चांगले काम करतो. उलट गोंदणावर आयपीएल चुकूनही मारू नये. शाई एकदम तापते आणि त्वचा भाजते. नको असलेले केस काढण्यासाठी कुठे उपचार घेत असाल तर अंगावरचे गोंदण आधी दाखवा, एवढे मी आवर्जून सांगते.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ च्या पुराचा अनुभव असल्याने आम्ही नोंदवह्या आणि औषधे रात्रीतून वरच्या मजल्यावर नेली आणि आयपीएलचे यंत्र चौघांनी उचलून टेबलावर ठेवले, पण पाणी टेबलाच्याही वर चढले. चिखल काढल्यावर यंत्र दुरुस्तीपलीकडे गेल्याचे कळले. विम्याची रक्कम घसारा वजा होऊन आली, दवाखाना आम्ही विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर हलवला, आणि सहा वर्षांपूर्वीचाच प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला.

या वेळी पतींनी किमतींचा तक्ता करण्याआधी वाचवलेल्या नोंदवह्या काढल्या आणि प्रत्येक रुग्णाचा त्वचाप्रकार, तक्रार आणि व्यवसाय लिहून काढला. त्यातून दिसले ते असे. आयपीएलचा ज्यांना खरा लाभ होतो, म्हणजे उजळ त्वचेवरचे उन्हाचे ठळक डाग आणि गालांवर दिसणाऱ्या बारीक लाल शिरा, असे रुग्ण आमच्याकडे थोडे होते. सर्वाधिक होते ते वांगाचे, त्याखालोखाल मुरमांनंतर राहिलेल्या काळ्या डागांचे, आणि त्यांपैकी बहुतेकांचे काम उन्हातले. उष्णतेने आणि झगझगीत प्रकाशाने वांग चिघळू शकतो. आयपीएलनंतर काही आठवडे चेहरा उजळ दिसून मग डाग आधीपेक्षा गडद झाल्याची उदाहरणे आमच्याच नोंदींत होती. म्हणून आम्ही कर्ज थोडे वाढवून एनडी-याग लेसर घेतला.

लेसर घेतला म्हणून सर्व प्रश्न सुटले असे मी कोणालाही सांगत नाही. कमी ऊर्जेचा लेसर वांगावर वारंवार मारण्याला ‘टोनिंग’ म्हणतात. त्याने डाग फिके होतात, पण थांबल्यावर पुष्कळदा परत येतात, आणि सिटिंग फार झाल्यास त्वचेवर बारीक पांढरे ठिपके उमटतात, जे काळ्या डागांपेक्षा घालवायला अवघड असतात. त्यामुळे वांगाच्या रुग्णाला आम्ही पहिले तीन महिने यंत्राच्या खोलीत नेतच नाही. वूड्स लॅम्पखाली आणि डर्मोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) डाग किती खोल आहे याचा अंदाज घेतो, मलम देतो आणि सनस्क्रीन कसे लावायचे ते समोर लावून दाखवतो : चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर काढलेल्या दोन पूर्ण रेघा, दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांगात दृश्य प्रकाशसुद्धा त्रास देतो, म्हणून लोहाचे ऑक्साइड असलेले, किंचित रंगीत सनस्क्रीन सुचवतो. बागेत काम करणाऱ्या बाईला हे दर दोन तासांनी जमत नाही. तिला आम्ही रुंद काठाची टोपी आणि तिच्यावरून चेहऱ्याभोवती घट्ट गुंडाळलेली सुती ओढणी सांगतो, आणि बेदाण्याचा हंगाम संपेपर्यंत लेसर पुढे ढकलतो.

आणखी एका गोष्टीवर मी रुग्णांशी तासन्‌तास बोलले आहे, ती म्हणजे गोरेपणासाठी परस्पर आणून लावलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे. त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास २०१८ पासून मनाई आहे, तरीही पर्समधून ती ट्यूब निघतेच. अशी त्वचा पातळ, लाल आणि हुळहुळी झालेली असते; तिच्यावर प्रकाश किंवा लेसर यांपैकी काहीही वापरणे अयोग्य आहे. म्हणून नव्या रुग्णाने घरातील सर्व क्रीम पिशवीत घालून सोबत आणाव्यात, असे आमच्या स्वागतकक्षातील ताई फोनवरच सांगतात.

यंत्राच्या खोलीबद्दल थोडे. नव्या जागेत वातानुकूलन, वेगळी वीजजोडणी, स्टॅबिलायझर आणि आरशांना पडदे या गोष्टी यंत्र येण्याआधी करून घेतल्या. लेसरचा गॉगल त्या तरंगलांबीसाठीच बनवलेला असावा लागतो आणि त्याच्यावर तसे छापलेले असते. आयपीएलच्या गडद काचेचा चष्मा तिथे चालत नाही. हे सांगण्याचे कारण असे की एका खोलीत दोन्ही यंत्रे ठेवणाऱ्या ठिकाणी हे चष्मे एकाच खणात पडलेले मी पाहिले आहेत. वार्षिक देखभालीचा करारही आम्ही यंत्राच्या किमतीबरोबरच ठरवून घेतला, कारण आयपीएलच्या वेळी दिव्याचे आयुष्य झोतांच्या संख्येवर ठरते आणि तो जुना होताना ऊर्जा घटत जाते, हे आम्हाला पहिला दिवा बदलण्याची वेळ आल्यावरच समजले होते.

२०२० ची टाळेबंदी आणि २०२१ च्या जुलैतील पूर या दोन्ही काळांत दवाखाना अनेक दिवस बंद राहिला, पण यंत्र सुरक्षित राहिले आणि हप्ते थोड्या विलंबाने का होईना, फिटत गेले. आज आमच्याकडे सहा जण काम करतात. लाल शिरांच्या तक्रारीसाठी येणारे उजळ त्वचेचे रुग्ण वर्षाला मोजकेच असतात; त्यांना आयपीएल लागतो हे स्पष्ट सांगून आम्ही ज्यांच्याकडे ते यंत्र आहे अशा सहकाऱ्यांकडे चिठ्ठी देतो.

सध्या आमच्या विचारात फ्रॅक्शनल लेसर आहे. मुरमांच्या खड्ड्यांसाठी तो त्वचेत अत्यंत बारीक छिद्रांचे जाळे करतो आणि मधली त्वचा शाबूत ठेवतो, त्यामुळे जखम लवकर भरते. त्यात कार्बन डायऑक्साइडचा १०६०० नॅनोमीटरचा आणि अर्बियमचा २९४० नॅनोमीटरचा असे दोन पर्याय आहेत. दुसऱ्याची तरंगलांबी पाणी कितीतरी अधिक शोषते, त्यामुळे आजूबाजूला उष्णता कमी उरते आणि सावळ्या त्वचेवर काळे डाग राहण्याची भीती घटते, तर पहिला अधिक उष्णता देऊन त्वचा आवळतो आणि त्याचा खड्ड्यांवरील अनुभवही मोठा आहे. पती नोंदवह्यांतून खड्ड्यांच्या रुग्णांची यादी त्वचाप्रकारासह काढत आहेत. ती पूर्ण होईपर्यंत आणि दोन्ही यंत्रांवर मी स्वतः काही दिवस काम करून पाहीपर्यंत, अशा रुग्णांना आम्ही मिरजेतील सहकाऱ्यांकडे पाठवत आहोत.