पूजेतली सुपारी, गालातली सुपारी

श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला मोठा मान आहे आणि आपल्या पूजेत गणपती म्हणून सुपारीच मांडली जाते. बहुधा म्हणूनच ती मेंदूवर काम करणारे उत्तेजक आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. तिच्यातील अरेकोलिन हे द्रव्य मेंदूतील अ‍ॅसिटिलकोलिन या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहींना, म्हणजे त्याचा संदेश टिपणाऱ्या पेशींवरील रेणूंना, चेतवते, त्यामुळे तरतरी येते, अंगात ऊब जाणवते, लाळ सुटते आणि पुढे तलफही जडते. विड्यातला चुना अरेकोलिनच्या काही भागाचे अरेकायडिन या दुसऱ्या द्रव्यात रूपांतर करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक ठरवली. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो,’ असे सांगणाऱ्या तरुणांची म्हणूनच मला फार काळजी वाटते, कारण सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडणेही अवघड होऊ शकते.