काँक्रीट एकजिनसी नाही, हे संगणकीय मॉडेलला सांगताना

तुळई भाराखाली किती वाकेल, हे काढायचे असेल तर काँक्रीटला एकजिनसी पदार्थ मानून चालते. तडा कोठे सुरू होईल आणि कोणत्या वाटेने जाईल, हे विचारले की मात्र ती सरासरी अपुरी पडते, कारण ज्या विषमतेमुळे तडा जातो तीच सरासरी काढताना पुसली गेलेली असते.

काँक्रीटच्या आकारमानात साधारणपणे 60 ते 75 टक्के वाटा खडी आणि वाळूचा असतो. खडीच्या पृष्ठभागालगत सिमेंटचे कण दाटीने बसू शकत नाहीत, तेथे पाणी तुलनेने जास्त राहते, आणि काँक्रीट कडक झाल्यावर खडीभोवती सुमारे 20 ते 50 मायक्रोमीटर जाडीचा सच्छिद्र, दुबळा थर उरतो. नेहमीच्या काँक्रीटमध्ये तडा बहुधा याच थरात जन्म घेतो आणि खडीला वळसा घालत पुढे सरकतो. उच्च सामर्थ्याच्या काँक्रीटमध्ये मात्र तो पुष्कळदा खडीच फोडून जातो.

ही अंतर्रचना संगणकात उभी करण्याचे काम 1980च्या दशकात काँक्रीट-संशोधक विटमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेले. फुलरच्या आलेखासारख्या प्रतवारीनुसार, म्हणजे कोणत्या आकाराची खडी किती हे सांगणाऱ्या वाटणीनुसार, खडीचे आकार ठरवायचे, मोठ्या खड्यापासून सुरुवात करून एकेक खडा यादृच्छिक जागी ठेवायचा, आधीच्या खड्यावर चढला तर दुसरी जागा शोधायची आणि मग मेश करायची, म्हणजे गणनासाठी नमुन्याचे छोटे तुकडे पाडायचे, ही त्यातली सर्वपरिचित रीत. अडचण त्या पातळ थराची आहे. दहा सेंटिमीटरच्या घनात मायक्रोमीटरचा थर मेशमध्ये बसवणे परवडत नाही, म्हणून तेथे शून्य जाडीचे इंटरफेस एलिमेंट (दोन तुकड्यांमधला सांधा दाखवणारे घटक) घालून त्यांना ताणसामर्थ्य आणि भंगऊर्जा (तडा पुढे जायला लागणारी ऊर्जा) दिली जाते.

हे आकडे थेट मोजणे अवघड असल्यामुळे ते बऱ्याचदा प्रत्यक्ष चाचणीतून मिळालेल्या, भार आणि विरूपण दाखवणाऱ्या आलेखाशी जुळवून घेतले जातात, आणि येथेच सर्वांत जास्त जपायला हवे, कारण वेगवेगळ्या आकड्यांच्या जोड्यांतूनही जवळजवळ तोच आलेख मिळू शकतो. त्यामुळे एका नमुन्यावर जुळवलेले मॉडेल, आकड्यांना हात न लावता, वेगळ्या मापाच्या नमुन्याचे वर्तन सांगू शकते का, हीच कसोटी मला महत्त्वाची वाटते.

प्रतवारी आणि गुणधर्म तेच ठेवून फक्त खड्यांच्या जागा बदलल्या आणि गणन पुन्हा केले, तर सुरुवातीला सगळे आलेख एकमेकांवर बसतात. कमाल भाराजवळ ते थोडे विखुरतात आणि त्यानंतर स्पष्टपणे फाटतात. तड्याची वाट तर दर वेळी निराळी निघते. म्हणून एकाच गणनाचे, तडा ठळक दाखवणारे रंगीत चित्र पुरावा म्हणून पुढे ठेवणे मला पटत नाही. अनेक मांडण्या चालवून त्यांचा विखुरलेपणा दाखवायलाच हवा. द्विमितीय मॉडेलबाबत तर हे अधिकच लागू पडते: तेथे प्रत्येक वर्तुळाकार खडा प्रत्यक्षात नमुन्याच्या जाडीभर पसरलेला दंडगोल असतो, त्यामुळे तड्याला खड्याच्या पुढून किंवा मागून जायला वाटच उरत नाही.